सरकत्या पट्ट्यावरचा नवस

धुराड्याची नळी अर्धीच साफ झाली होती. वरचा तुकडा अंगणात, खालचा माझ्या मांडीवर आणि मधली सगळी काजळी माझ्या तोंडावर, अशा थाटात मी स्वयंपाकघरात बसले होते. तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. हातात फोन होता. फोन त्या दोन बोटांच्या चिमटीत धरतात, मेलेला उंदीर बाहेर टाकायला निघाल्यासारखा.

“हॉस्पिटलचा होता,” त्या म्हणाल्या. “मंगळवारी गुडघा बदलायचा म्हणतात.”

किती वर्षं सरकारी ऑपरेशनच्या यादीत नाव पडून होतं! मी काळेच हात जोडले. “देवा, तुझे उपकार!”

“उपकार मागाहून मान. आधी माझं ऐक. शनिवारी पोरीला घेऊन बर्फात जाणार आहात ना? मी पण येते.”

सासूबाई काही बर्फ बघायला येत नव्हत्या. बर्फ त्यांनी आयुष्यात इतका बघितलाय की खिडकीतून दिसला तरी त्या पडदा ओढून घेतात.

गोष्ट अशी होती. मागल्याच्या मागल्या हिवाळ्यात माझा नवरा नोल्बेर्तो जंगलात तोडणीच्या कामावर असताना झाड त्याच्या पायावर पडलं. पाय राहतो की जातो, कुणी सांगेना. तेमुकोच्या हॉस्पिटलात मी एका बाकावर जपमाळ ओढत बसले होते, मोठ्याने, म्हणजे आजूबाजूच्यांनाही लाभ व्हावा म्हणून. सासूबाई दुसऱ्या बाकावर गप्प बसल्या होत्या. त्या गप्प बसून कार्मेनमातेशी, म्हणजे आमच्या मारियामाउलीशी, सौदा करत होत्या हे मला मागाहून कळलं. माझा मुलगा कुबडीशिवाय चालू लागला, तर आग्वा फ्रियाच्या सपाटीपासून तुझ्या घुमटीपर्यंत गुडघ्यांवर येईन. हा नवस. यंदा पानगळीच्या दिवसांत नोल्बेर्तोने कुबडी सरपणाच्या ढिगात फेकली, आणि सासूबाईंनी ठरवलं की डिसेंबरात, म्हणजे आमच्या इकडच्या उन्हाळ्यात, गवत वर आलं की जायचं.

डिसेंबर लांब होता आणि मंगळवार चार पावलांवर. शिवाय डॉक्टरांनी बजावलं होतं, एकदा नवा गुडघा बसला की पुन्हा कधी गुडघे टेकायचे नाहीत. चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेतसुद्धा नाही. म्हणजे नवस फेडायचा तर जुन्या गुडघ्यांवरच, आणि या शनिवारीच.

अडचण एवढीच होती की ज्या उतारावर ती घुमटी आहे, त्या उतारावर आता लोक स्की शिकतात.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा मोठा आहे. आमच्या कुराकाउतिन गावातल्या चॅपेलमध्ये जपमाळेची सुरुवात मी करते. मुलांची पहिल्या कम्युनियनची तयारी मी करून घेते. तेव्हा नवस कसा बोलावा, कसा फेडावा, कुठे चुकतो, यातलं आपल्याला सगळं समजतं अशी माझी खात्री होती. त्याच खात्रीने मी तोंड धुऊन सासूबाईंना न सांगता फादर अन्सेल्मोंकडे गेले. फादर भले माणूस. म्हणाले, “म्हाताऱ्या बाईला बर्फात कशाला रांगायला लावता? नवस बदलता येतो. नऊ दिवस जपमाळ म्हणा, झालं.”

मी ते घरी बक्षीस आणल्यासारखं आणलं.

सासूबाई बटाटे सोलत होत्या. सुरी थांबलीसुद्धा नाही. “शब्द मी फादरला दिला होता का?”

“नाही, पण फादरना अधिकार असतो—”

“फादरच्या पोराच्या पायावर झाड पडलं होतं का?”

“सासूबाई, फादरना पोरं नसतात.”

“तेच म्हणते मी,” त्या म्हणाल्या आणि पुढचा बटाटा उचलला.

उबेर्लिंदा हे त्यांचं नाव, पण गावात त्यांना सगळे ‘वरची उबेर्लिंदा’ म्हणतात, कारण त्यांचा जन्म वरचा. आग्वा फ्रियाचा तो उतार म्हणजे त्यांच्या वडलांची उन्हाळी चराई. बर्फ वितळला की बकऱ्या घेऊन वर जायचं, पुन्हा पडायला लागला की खाली यायचं. अशाच एका वर्षी बर्फ लवकर पडला आणि उबेर्लिंदाबाई खाली यायच्या आत, फळ्यांच्या खोपटात, जन्माला आल्या. घुमटी त्यांच्या वडलांनी आणि बाकीच्या गुराख्यांनी मिळून दगड रचून बांधली. पुढे लग्न झालं लाकडाच्या वखारीतल्या बेलार्मिनोशी. बेलार्मिनो लवकर गेला. मग यांनी भट्टीतले पाव विकून चार पोरं वाढवली आणि सगळ्यांत धाकटा मला दिला. जे आपोआप हलतं त्यावर या बाईचा विश्वास नाही. तेमुकोला गुडघ्याचा फोटो काढायला गेलो तर लिफ्ट सोडून तोच दुखरा गुडघा घेऊन जिने चढल्या. “पेटीत मला एकदाच घालायचं,” म्हणाल्या, “आणि तेव्हा मी तक्रार करणार नाही.”

शनिवारी पहाटेच निघालो. पिकअपमध्ये पुढे नोल्बेर्तो आणि सासूबाई, मागे मी आणि आमची यानारा. यानारा बारा वर्षांची आहे, म्हणजे आईबापाची लाज वाटायच्या ऐन वयात. सामान असं होतं: भाजलेली कोंबडी, उकडलेली अंडी, घरचे पाव, कॉफीचा थर्मास, यानारासाठी घसरगाडी, टायरच्या साखळ्या, फावडं आणि दोन जुनी ब्लँकेटं. ब्लँकेटं माझी कल्पना. गुडघ्यांवर नवस फेडणाऱ्यापुढे घरातल्यांनी ब्लँकेट अंथरायचं, तो पुढे सरकला की मागचं उचलून पुन्हा पुढे टाकायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मी ठरवलं होतं, अंथरणार मी. नवस सासूबाईंचा, पण व्यवस्थेचं पुण्य थोडं इकडेही येतंच.

“आई,” नोल्बेर्तो गाडी चालवता चालवता म्हणाला, “तिथे राजधानीचे, सांतियागोचे लोक असतात. महागडे कपडे घालून येतात. ते काय म्हणतील?”

“त्यांना गुडघे नसतात का?”

“असतात. पण ते त्यांच्यावर चालत नाहीत.”

“मग पैसे देऊन कशाला पडायला येतात इथवर?”

नोल्बेर्तोने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. आराउकारियाच्या झाडांवर बर्फाचे गठ्ठे बसले होते, आणि मला माझीच काळजी पडली होती. जन्म गेला ज्वालामुखीच्या पायथ्याशी, पण बर्फाच्या उतारावर मी कधी पाय ठेवलेला नाही. आमच्या गावात स्की करतात ती पाहुणेमंडळी. आम्ही त्यांना पाव विकतो आणि त्यांच्या गाड्या खड्ड्यातून ढकलून काढतो.

आग्वा फ्रिया म्हणजे फार काही नाही. एक लाकडी हॉटेल, बूट भाड्याने द्यायची एक खोली, शिकाऊ लोकांसाठी एक रुंद उतार, आणि त्या उताराच्या कडेने वर जाणारा एक रबरी पट्टा. पट्टा सारखा वर सरकत असतो. लोक त्यावर उभे राहतात, माथ्यावर उतरतात आणि पडत पडत खाली येतात. मग पुन्हा रांगेत. पट्टा संपतो तिथून आणखी थोडं वर, झाडांपाशी, घुमटी. त्या दिवशी मात्र घुमटी दिसतच नव्हती. नुसता पांढरा उंचवटा होता.

मी पिकअपमधून उतरले. मोज्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशव्यांवर हिरवे गमबूट, नोल्बेर्तोची पावसाळी पँट, आणि या सगळ्यावर माझा मिस्सेचा काळा कोट, कारण शेवटी नवस म्हणजे धर्मकार्य.

यानाराने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “आई, तू माझ्यापासून जरा लांबच उभी राहा हं.”

नोल्बेर्तो म्हणाला, “मी इथेच थांबतो. कोंबडीपाशी कुणीतरी हवं.” आणि पिकअपच्या मागे जाऊन उभा राहिला. ज्याच्या पायासाठी हे सगळं, तोच पाय लपवून.

उताराच्या तळाशी सासूबाईंनी डोक्यावरचा रुमाल बांधला, क्रूसाची खूण केली आणि माझ्या खांद्याचा आधार घेत खाली गुडघे टेकले. टेकताना ओठ घट्ट मिटले, पण आवाज नाही. मी त्यांच्यापुढे ब्लँकेट अंथरलं. झटकून, कोपरे ओढून, पलंगावर चादर घालावी तसं. मग पुढचा कोपरा नीट करावा म्हणून ब्लँकेटवर एक पाय ठेवला.

लोकरीचं ब्लँकेट कडक बर्फावर किती छान घसरतं, हे आमच्या चॅपेलमध्ये कुणी शिकवत नाही. मी वर कोपरा सारखा करायला गेले आणि ब्लँकेट मला घेऊन खाली निघालं. आमच्या मागे, आणखी खाली, लहान मुलांचा वर्ग चालला होता. त्यांचा गुरुजी त्यांना स्की पिझ्झाच्या तुकड्यासारखी धरा, म्हणजे थांबता येईल, असं समजावत होता. मी त्या रांगेतून बसल्या बैठकीत आरपार गेले. माझ्याकडे ना स्की, ना तुकडा. बुटांच्या खोलीच्या भिंतीने मला थांबवलं.

“बघा,” गुरुजी मुलांना म्हणाला, “तुकडा केला नाही की असं होतं.”

मी वर आले तेव्हा सासूबाई तिथेच गुडघ्यांवर होत्या. पुढे जायचा प्रयत्न त्यांनी केला होता. बर्फ मऊ लागला तिथे मांडीपर्यंत रुतल्या होत्या, कडक लागला तिथून मागे घसरल्या होत्या. तोंड पांढरं पडलं होतं.

“सासूबाई, पुरे. माउलीने बघितलं. मनातला भाव—”

“भाव सगळ्यांकडे असतो. गप्प बस.”

पण त्यांनी वर बघितलं ते मी पाहिलं. चढ बघितला, मग स्वतःचे गुडघे बघितले. मंगळवारनंतर हे जमणार नव्हतं आणि आज जमत नव्हतं. मुलाचा पाय परत मिळालाय आणि देणं तसंच राहणार. ही बाई असं काही मनात ठेवून सुरीखाली जायला तयार झाली नसती. ऑपरेशनच नको म्हणाली असती.

तेवढ्यात यानारा घसरगाडी ओढत आली. “आजी, पट्ट्यावर जा ना! पट्ट्यावर गुडघे टेक, तो नेतो वर.”

“यानारा!” मी ओरडले. “नवसाची थट्टा करतेस? हे असं चालत नाही. कष्ट स्वतःचे हवेत. पट्टा चढला तर नवस पट्ट्याचा!”

यावर मी आणखी बरंच बोलले. त्यागाचा अर्थ सांगितला. दुःख अर्पण करणं म्हणजे काय, तेही सांगितलं. मुलांच्या वर्गात सांगते त्याच क्रमाने.

सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “माझी आजी नवस फेडायला गेली तेव्हा तिचं वय माझ्याहून जास्त होतं. वडलांनी तिला बैलगाडीत बसवलं. गाडीत ती सबंध वाट गुडघ्यांवर. बैल चालले, नवस आजीचा फिटला. बैलांनी हिस्सा मागितला नाही.”

मी ब्लँकेटं तिथेच टाकली आणि त्यांना हात देऊन उभं केलं.

पट्ट्याच्या तोंडाशी एलेओदोरो म्हणून एक जाडजूड माणूस उभा होता. कानटोपी, हातात चालूबंदचं बटण. त्याने आम्हा तिघींना बघितलं आणि आधीच मान हलवली.

“आजीबाई, पट्ट्यावर बसायला परवानगी नाही.”

“बसतंय कोण?”

“मग?”

“गुडघे टेकणार.”

एलेओदोरोने शेजारच्या फलकाकडे बघितलं. त्यावर बसलेल्या माणसाचं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली. झोपलेल्याचंही होतं. गुडघे टेकलेल्याचं नव्हतं.

“तसं चित्र नाहीय खरं,” तो पुटपुटला. “कुणासाठी आहे?”

“मुलासाठी. तोडणीत झाड आलं होतं पायावर.”

त्याने कानटोपी काढली. “माझा मेहुणा पण तोडणीलाच...” एवढंच बोलला आणि टोपी पुन्हा घातली. “बरं. हळू सोडतो. पण मागे कुणीतरी उभं पाहिजे. घसरल्या तर धरायला.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

सासूबाई पट्ट्यावर गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा, आपोआप हलणाऱ्या वस्तूवर. दोन्ही गुडघे टेकले, हात जोडले आणि चालत्या गाडीत बकरी उभी राहते तशा घट्ट झाल्या. मी मागे उभी राहिले. मनात म्हटलं, माते, ही फसवणूक होतेय आणि मला साक्षीला ठेवलंय, निदान जपमाळेने तरी थोडी भरपाई करते. कोटाच्या खिशात हात घातला, मोठ्याने पहिला ‘नमो मारिया’ म्हटला आणि गमबुटातल्या पिशव्यांनी दगा दिला. मी बसले.

पट्ट्याची अशी रचना आहे की कुणी पडलं की तो थांबतो. पडलेलं माणूस उठलं की तो झटका देऊन सुरू होतो. मी उठले, झटका बसला, मी पडले. पट्टा थांबला. मी उठले.

“चालू!” खालून एलेओदोरो ओरडला.

झटका. मी पडले.

मागे रांग वाढत होती. मग भोंग्यातून आवाज आला, साऱ्या डोंगराला ऐकू जाईल असा: “हिरव्या गमबुटातल्या बाईंनी कृपया उभं राहावं. हिरव्या गमबुटातल्या बाई.”

खाली यानारा पाठ फिरवून झाडाचं निरीक्षण करत होती.

मी आणखी किती वेळा पडले ते सांगत नाही. शेवटी सासूबाई, मागे न बघता, म्हणाल्या, “एदेल्मिरा, गुडघे टेक. नाहीतर मंगळवार इथेच उजाडेल.”

मी गुडघे टेकले. पट्टा सुरू झाला आणि मी पडले नाही. इतकी साधी गोष्ट होती. दोघी एकामागे एक, गुडघ्यांवर, वर चाललो. एवढा वेळ जिला मी फसवणूक म्हणत होते, तीच आता मी पण करत होते, आणि माझा तर नवसही नव्हता.

माझ्या मागे सांतियागोची एक बाई होती, गुलाबी कपड्यांत, पायाला एकच रुंद फळी बांधलेली. ती घाबरून म्हणाली, “अहो, इथे असंच जायचं असतं का?”

“हो,” मी म्हटलं. “सुरक्षेसाठी.”

का म्हटलं, देवाला ठाऊक. पापनिवेदनात सांगितलंय मी ते. फादर अन्सेल्मो जाळीपलीकडे बराच वेळ खोकत होते.

गुलाबी बाईने गुडघे टेकले. तिच्या मागच्या नवऱ्याने तिला विचारलं, तिने काहीतरी सांगितलं, त्यानेही टेकले. त्यामागे घसरगाड्या घेतलेली पोरं होती, त्यांना तर गंमतच झाली. पट्टा माथ्याला आला तेव्हा मी वळून बघितलं. सबंध रांग गुडघ्यांवर, एका ओळीत वर येत होती, आणि तळाशी एलेओदोरो कानटोपी छातीशी धरून उभा होता.

चॅपेलच्या मिरवणुकीत इतकी शिस्त मी इतक्या वर्षांत आणू शकलेले नाही.

पट्टा संपला. पुढचं पट्टा नेणार नव्हता. घुमटीपर्यंतचा शेवटचा चढ मऊ बर्फाचा होता, आणि आता मी स्वतःशी कबूल केलं की मला ती वाट बघवत नाहीय.

वाटेवर कुणीतरी आधीच होतं. नोल्बेर्तो. भोंग्यातून गमबूट ऐकले तेव्हा बायको कुणाची हे त्याच्या लक्षात आलं होतं. लाजेने गाडीत बसायचं की वर जायचं, या दोहोंत त्याने फावडं उचललं आणि उताराच्या कडेने चालत वर आला होता. मी पडत होते, पट्टा थांबत होता, तेवढ्यात त्याने झाडांपर्यंत पोचून घुमटी अर्धी उकरली होती. आता वाट काढत खाली येत होता. घामाने भिजलेला, वाफा निघत होत्या. आणि फावडं मारताना सगळा भार मोडलेल्या पायावर देत होता, विचारसुद्धा न करता.

सासूबाई ते बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आता आलास? कोंबडीपाशी कोण आहे?”

“हॉटेलचं कुत्रं आहे, आई.”

“म्हणजे कोंबडी गेली.”

आणि त्या गुडघ्यांवर निघाल्या. मी माझा मिस्सेचा कोट काढला आणि त्यांच्यापुढे अंथरला. या वेळी त्यावर पाय ठेवला नाही. त्या कोटावरून सरकल्या, मी मागून ओढून घेतला, पुन्हा पुढे टाकला. नोल्बेर्तो पुढे खणत होता. पट्ट्यावरून आलेली माणसं उतरून उभी होती, त्यांच्यातलंही कुणी खाली गेलं नाही.

मध्येच त्या थांबल्या. हात बर्फात टेकले आणि मान खाली घातली. पाठ वरखाली होत होती. मी वाकले.

“हात लावलास तर पहिल्यापासून सुरुवात,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता.

मी हात मागे घेतला. मी, जी सगळ्यांना अर्पण कसं करावं ते शिकवते, तिथे रिकामे हात घेऊन उभी होते आणि एकही प्रार्थना आठवत नव्हती. नोल्बेर्तोने फावडं थांबवलं.

“आई?”

त्यांनी मान वर केली. त्याच्या तोंडाकडे नाही, त्याच्या पायाकडे बघितलं. गुडघ्यापर्यंत बर्फात, सरळ उभा होता पाय. बराच वेळ बघितलं. मग हात उचलले आणि पुढे सरकल्या, आणि घुमटीच्या दगडांना कपाळ लागेपर्यंत थांबल्या नाहीत.

मला वाटलं आता त्या काहीतरी बोलतील. मोठं, लक्षात ठेवण्यासारखं. मी कान देऊन जवळ गेले. मला चॅपेलच्या बायकांना सांगायचं होतं ना.

सासूबाईंनी माउलीच्या डोक्यावरचा बर्फ रुमालाने झाडला, पोराचं नाक पुसावं तसा, आणि म्हणाल्या, “घे. फिटलं. आता मंगळवारी त्या डॉक्टरकडे लक्ष असू दे, तो फार तरुण आहे.”

“हा नवा नवस का?” मी विचारलं.

“नाही बाई. नवा गुडघा सरकारचा आहे. त्याच्यावर मी काही बोलू शकत नाही.”

खाली जायचा प्रश्न होताच, कारण पट्टा फक्त वर जातो. बचाववाल्यांनी जखमींना न्यायची घसरगाडी आणली. “जखमी कोण?” म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, “ही,” आणि माझ्याकडे बोट दाखवून स्वतः गाडीत बसल्या. पायावर पांघरूण घेतलं. खाली जाताना मान ताठ होती, एकदाही किंचाळल्या नाहीत. त्या उतारावर त्या लहानपणी गोणपाटावर बसून घसरायच्या, हे त्यांनी मला खाली पोचल्यावर सांगितलं. म्हणजे घसरण्यातलं त्यांना सगळं माहीत होतं आणि मला ब्लँकेट अंथरू दिलं!

मी कोटावर बसून उतरले. कोट आता मिस्सेला चालणार नाही. यानारा म्हणाली, “आई, तू शेवटी बरी घसरलीस,” आणि संध्याकाळपर्यंत माझ्या जवळ उभी राहिली. कोंबडी खरंच गेली होती. आम्ही हॉटेलातून सोपाइपिया, म्हणजे भोपळ्याच्या तळलेल्या पुऱ्या, घेतल्या. एलेओदोरोलाही दिल्या. त्याने हॉटेलवाल्याला आमच्याकडून पैसे घेऊ दिले नाहीत, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांकडे बघून नुसती मान लववली.

परत येताना सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. गुडघे टरबुजासारखे सुजले होते, पण चेहरा असा मोकळा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मला मात्र राहवेना.

“सासूबाई, तरी एक विचारू? चढावरचं ठीक. पण पट्ट्यावरचं जे अंतर होतं, ते धरायचं का?”

त्यांनी एक डोळा उघडला.

“ते तू फेडलंस ना. मागे पडून पडून.”

नोल्बेर्तो हसायला लागला, आणि मग सगळेच. मी हसले तेव्हा बसायच्या जागी दुखलं, म्हणून थोडंच हसले. आठवडाभर मला चॅपेलच्या लाकडी बाकापाशी उभंच राहावं लागेल असं दिसतंय. बायका विचारतायत, काही नवस आहे का? मी जपमाळ सुरू करते.

सासूबाई शेकोटीपाशी पाय वर करून झोपल्या आहेत. हॉस्पिटलने सांगितलंय की येताना मागून बंद असलेल्या सपाता घेऊन या. त्यांच्याकडे तशा नाहीत. दुकान बंद व्हायच्या आत जाऊन त्या आणायच्या आहेत.